कंपनीसारखा देश चालवायचा, तर नियमांसकट

लेखापरीक्षकाच्या धंद्यात राजकारणावरची मते फुकट ऐकायला मिळतात. वर्षअखेरीची पुस्तके तपासायला कारखान्यात बसले की चहाबरोबर मालक मंडळींचे ठरलेले म्हणणे येते: देश एखाद्या उद्योजकाच्या हाती द्या, कंपनीसारखा चालवला तर पाच वर्षांत सरळ होईल. बोलणाऱ्याचा वैताग खोटा नसतो. परवान्यासाठी मारलेले हेलपाटे आणि सरकारी खात्याकडे अडकलेली बिले त्याने सोसलेली असतात. त्यामुळे मी हे म्हणणे हसण्यावारी नेत नाही. उलट ते बोलणारा घेतो त्याहून अधिक गांभीर्याने घ्यावे, असे माझे मत आहे. कंपन्यांचे ताळेबंद आणि सार्वजनिक संस्थांची दप्तरे अशी दोन्ही चाळण्यात नोकरीधंद्याची वर्षे गेलेल्या माणसाला एक गोष्ट ठळक दिसते. कंपनी मालकाच्या धडाडीवर चालते हे अर्धेच खरे आहे. मालकाचा हात कंपनीच्या तिजोरीतून स्वतःच्या खिशाकडे वळू लागला की त्याला अडवायची व्यवस्थाही कायद्याने करून ठेवलेली असते, हे उरलेले अर्धे. उद्योजक राजकारणात उतरतो तेव्हा पहिला अर्धा भाग वाजतगाजत घेऊन येतो आणि दुसरा कारखान्याच्या फाटकापाशी सोडून येतो. जगात असे नेते अंगाशी आले, तिथे बहुतेकदा मुख्य कारण हे होते.

ही अडवणूक प्रत्यक्षात कशी चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १८४ नुसार प्रत्येक संचालकाला आर्थिक वर्षातील पहिल्या बैठकीत लिहून द्यावे लागते की आपले कोणकोणत्या कंपन्यांत, भागीदारी पेढ्यांत हितसंबंध आहेत. तो फॉर्म एमबीपी-१ आमच्या फाइलमध्ये पहिल्या काही कागदांत असतो. मग त्याच्या जोडीला नातेवाइकांची यादी लागते. कायद्याच्या व्याख्येत पतीपत्नी, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण सगळे येतात. ही यादी शेजारी ठेवून आम्ही खतावणी उलगडतो. गोदामाचे भाडे कोणाच्या नावावर जाते, कच्चा माल पुरवणारी पेढी कोणाची, बिनव्याजी उचल कोणाला दिली आहे. सार्वजनिक कंपनीत एखाद्या करारात संचालकाचा संबंध असेल तर त्याने तो सांगायचा आणि त्या विषयाच्या चर्चेत भाग घ्यायचा नाही. तो विषय आला तेव्हा कोण बाहेर गेले, हे आम्ही इतिवृत्तात शोधतो. कलम १८८ पुढे जाते. व्यवहार ठरलेल्या मर्यादेबाहेर मोठा असेल तर भागधारकांचा ठराव लागतो आणि ज्या भागधारकाचा त्यात संबंध असेल त्याला त्या ठरावावर मत देता येत नाही. लाखो शेअर नावावर असले, तरी त्या दिवशी त्याचा हात वर होत नाही. या तरतुदींत मालक चोर आहे असे कोणी गृहीत धरलेले नाही. सौद्याच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला तर भाव कोणाच्या सोयीचा ठरेल हे सांगायला लेखापरीक्षक लागत नाही, एवढेच त्यामागचे शहाणपण.

शिवाय कागदावरच्या कायद्याइतकाच बाजारही इथे निष्ठुर असतो. डिसेंबर २००८ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाने अध्यक्षांच्याच कुटुंबाशी संबंधित असलेल्या दोन मायटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घ्यायचे ठरवले. एक सॉफ्टवेअर कंपनी बांधकामाच्या कंपन्या घेते, त्याही घरच्या, हे गुंतवणूकदारांना इतके खटकले की काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, खुद्द अध्यक्षांनी हिशेबातील महाघोटाळ्याची लेखी कबुली दिली. त्यापूर्वी लेखापरीक्षकांनी त्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे सह्या केल्या होत्या, ही आमच्या पेशाची लाज आहे. पण घरच्या कंपन्यांचा सौदा मात्र भागधारकांनी एका रात्रीत हाणून पाडला होता. ‘कंपनीसारखा देश’ म्हणताना हा बडगाही सोबत यायला हवा. देशाच्या नागरिकाला शेअर विकून बाहेर पडता येत नाही, म्हणून तर तो अधिकच यायला हवा.

आता इटलीकडे पाहू. सिल्व्हियो बर्लुस्कोनी मिलानचे बांधकाम व्यावसायिक. पुढे त्यांनी खाजगी दूरचित्रवाणीचे साम्राज्य उभे केले, ए. सी. मिलान हा फुटबॉल संघ घेतला. राष्ट्रीय प्रक्षेपण तेव्हा सरकारी ‘राय’साठी राखीव होते, म्हणून ऑक्टोबर १९८४ मध्ये काही शहरांच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांच्या वाहिन्या बंद पाडल्या. पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी काही दिवसांत अध्यादेश काढून त्या पुन्हा सुरू केल्या. म्हणजे या उद्योगाचा प्राण सरकारी मेहेरबानीत होता, हे राजकारणात येण्याआधीच ठरले होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस जुने पक्ष भ्रष्टाचाराच्या चौकशीत कोसळले आणि जानेवारी १९९४ मध्ये बर्लुस्कोनी स्वतःच मैदानात उतरले. स्वतःच्या जाहिरात कंपनीच्या, पुब्लितालियाच्या, माणसांकडून पक्ष बांधला आणि मार्चमध्ये निवडणूक जिंकली. प्रचाराचा सूर तोच, की मी कंपनी उभी केली, देशही उभा करीन. २००१ मध्ये तर त्यांनी दूरचित्रवाणीवर मतदारांशी करार म्हणून एका कागदावर सही केली. कराराची भाषा कंपनीची, पण कंपनीतला संचालक जिथे उठून बाहेर गेला असता तिथे हे पंतप्रधान खुर्चीतच राहिले. २००२ मध्ये घटना न्यायालयाने त्यांच्या रेते ४ या वाहिनीला पुढील वर्षअखेर जमिनीवरील प्रक्षेपण सोडून उपग्रहावर जायला सांगितले होते. संसदेने केलेला प्रसारमाध्यमांचा नवा कायदा राष्ट्राध्यक्ष चांपी यांनी डिसेंबर २००३ मध्ये सही न करता परत पाठवला, तेव्हा मुदत संपण्याच्या तोंडावर सरकारने अध्यादेश काढून वाहिनी वाचवली. २००४ मध्ये हितसंबंधांचा कायदाही झाला. त्यात व्यवस्थापनाचे पद मंत्रिपदाशी विसंगत ठरवले आणि नुसती मालकी मात्र चालेल असे म्हटले. आमच्या फाइलमध्ये असा खुलासा आला असता तर आम्ही तो लाल शाईने अधोरेखित केला असता.

थायलंडचे थाक्सिन शिनावत मूळचे पोलीस अधिकारी. संगणक भाड्याने देण्यापासून सुरुवात करून १९९० मध्ये सरकारी दूरध्वनी संस्थेकडून मोबाइल सेवेचा वीस वर्षांचा परवाना त्यांच्या कंपनीने मिळवला आणि ते अब्जाधीश झाले. १९९८ मध्ये पक्ष काढला, २००१ मध्ये पंतप्रधान झाले. त्याआधी मंत्री असताना त्यांनी शेअर घरच्या नोकरांच्या, वाहनचालकाच्या नावांवर ठेवून मालमत्ता दडवल्याचा ठपका भ्रष्टाचारविरोधी आयोगाने ठेवला होता. घटना न्यायालयाने त्यांना आठ विरुद्ध सात मतांनी सोडले. नोकराच्या नावावरचे शेअर आमच्या पेशात कोणाला नवे नाहीत. बेनामी नावे शोधणे हे तर रोजचे काम. पुढची घटना अधिक बोलकी आहे. जानेवारी २००६ मध्ये दूरसंचार कंपन्यांतील परदेशी मालकीची मर्यादा २५ टक्क्यांवरून ४९ टक्के करणारा कायदा लागू झाला आणि दोन-तीन दिवसांतच शिनावत कुटुंबाने शिन कॉर्पोरेशनचा जवळपास अर्धा हिस्सा सिंगापूरच्या तेमासेकला सुमारे ७३ अब्ज बाहतला विकला. शेअर बाजारातील वैयक्तिक नफ्याला सूट असल्याने त्यावर कर बसला नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की बाकी सांगायला लागत नाही. बँकॉकच्या रस्त्यांवर लोक उतरले, सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या ७६ अब्ज बाहतपैकी सुमारे ४६ अब्ज जप्त केले.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, की ज्याचे पोट भरलेले आहे तो कशाला खाईल? या दोन्ही उदाहरणांनी त्याचे उत्तर दिले आहे. श्रीमंती म्हणजे बँकेत पडून असलेली रक्कम, असे समजण्यात गफलत आहे. मोठा उद्योग म्हणजे रेडिओलहरींचे परवाने, जमिनीचे आरक्षण, आयातशुल्काचा दर, बँकेच्या कर्जाची मुदतवाढ, खाणपट्ट्याचे नूतनीकरण. यांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या फाइलवर शेवटची सही सरकारची असते. गरीब माणसाला लाच घ्यावी लागते, श्रीमंताला नियमातला एक शब्द बदलून मिळाला तरी पुरते, आणि तो बदल राजपत्रात छापून येतो म्हणून त्याला कोणी लाचही म्हणत नाही. भरलेल्या पोटाचा माणूस म्हणूनच जास्त तपासावा लागतो. त्याची भूक लहान व्यवहारांत दिसतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या नेत्यांनी कामेही केली, त्याचे काय? थाक्सिन यांच्या काळात एका भेटीला तीस बाहत घेऊन सगळ्यांना वैद्यकीय उपचार देणारी योजना सुरू झाली. त्यांना हटवणाऱ्यांनाही ती मोडता आली नाही, आणि गरीब थाई माणूस त्यांना वर्षानुवर्षे मते देत राहिला यात नवल काहीच नाही. लष्कराचा उठाव हा हितसंबंधांवरचा उपाय नव्हता, तो निवडून आलेल्या सरकारावरचा घाला होता, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पण या आक्षेपातून निष्कर्ष वेगळा निघतो. तीस बाहतच्या योजनेला शिन कॉर्पोरेशनची मालकी लागत नव्हती. योजना आखण्याची, ती वेगाने राबवण्याची हातोटी उद्योगातून आली असेल, ती माणसाबरोबर येते. शेअर मागे ठेवून आला असता तरी आलीच असती. उलट शेअर घेऊन आल्यामुळे विरोधकांच्या, लष्कराच्या हातात आयते कोलीत मिळाले आणि चांगले कामही वादात ओढले गेले. हितसंबंध वेगळे ठेवण्याचा नियम जनतेइतकाच त्या नेत्याच्याही हिताचा असतो तो असा.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. व्यवसाय फक्त उद्योजकालाच असतो का? महाराष्ट्रात पिढीजात राजकारण्यांचे साखर कारखाने आहेत, शिक्षणसंस्था आहेत, दूध संघांवर आणि जिल्हा बँकांवर पकड आहे. मग बोट उद्योजकाकडेच का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. इथे क्रम उलटा असतो, एवढाच फरक. तिकडे आधी धंदा आणि मग सत्ता, इकडे आधी सत्ता आणि तिच्या आधाराने धंदा. सहकारी संस्थांची दप्तरे तपासताना दिसते की वसुली थकलेले कर्ज, त्याला मुदतवाढ देणारा ठराव आणि ठराव मांडणारा संचालक यांची नाती एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात निघतात. तेव्हा नियम हवा तो सौद्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्याला अडवणारा. तो उद्योगातून आला की वाड्यावरून आला, याच्याशी नियमाला कर्तव्य नसावे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. गंमत अशी की ते सत्तेच्या चढत्या पायऱ्यांबरोबर पातळ होत जातात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे नगरसेवकाचा महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा भागीदारामार्फत हिस्सा असेल तर त्याचे पद जाऊ शकते. गटाराच्या कामात भागीदारी निघाली तरी तो अपात्र. खासदार-आमदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९अ आहे, पण ते सरकारला माल पुरवण्याच्या किंवा सरकारी काम करण्याच्या चालू कंत्राटापुरते. परवाना, खाणपट्टा, कर्ज, करसवलत त्यात बसत नाही. म्हणजे धंद्याचा मोठा हिस्सा बाहेरच राहतो. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवार स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता सांगतो. कमावता मुलगा आणि जावई तिथून सुटतात, कंपनी कायद्यात ते सुटत नाहीत. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. पद घेण्यापूर्वी व्यवसायाच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावा, असे ती सांगते, पण मालकी सोडावी लागते ती सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या किंवा मुख्यतः सरकारी परवान्यांवर चालणाऱ्या व्यवसायापुरतीच, आणि तीही घरातल्या सज्ञान नातेवाइकाकडे देता येते. शिवाय ती कायदा नाही, आणि केंद्रीय मंत्री ती पाळतात की नाही हे पाहण्याचे काम पंतप्रधानांचे. गटाराच्या कंत्राटाला कायदा आणि देशाच्या धोरणाला आचारसंहिता, हे प्रमाण उलटे आहे.

व्यवस्थापन सोडले म्हणजे संबंध सुटला, ही समजूत किती तकलादू आहे ते टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या उदाहरणात दिसते. १९२८ मध्ये मद्रासला स्वतःची व्यापारी पेढी काढलेला हा कर्तबगार माणूस स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला. व्यवसाय मुलांकडे गेला होता. त्यांचा पहिला राजीनामा मुंदडा प्रकरणात झाला. १९५७ मध्ये विमा राष्ट्रीयीकरणातून नव्यानेच उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळाने आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर घेतले. फिरोज गांधींनी ते लोकसभेत बाहेर काढले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. लोक ऐकायला गर्दी करत. मंत्र्याने स्वतः पैसे खाल्ले असे कोणी म्हटले नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची, हे तत्त्व छागलांनी ठाम मांडले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्री गेले. पुढे ते परत आले, पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९६५ च्या अखेरीस दुसऱ्यांदा बाहेर पडले, या वेळी मुलांच्या व्यवसायाशी जोडलेल्या आरोपांवरून. आरोप खरे की खोटे हा वेगळा प्रश्न. मालकी घरातच राहिली की संशयालाही घरातच मुक्काम मिळतो, एवढे मात्र खरे.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा. इतके जाचक नियम केले तर कर्तबगार माणूस राजकारणात येणारच नाही. याचे उत्तर असे की कंपनीतही संचालक व्हायला कोणी मागे हटत नाही. एमबीपी-१ भरण्याच्या भीतीने कोणी खुर्ची नाकारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नियमाने खुर्ची जात नाही, फक्त काही विषयांवर ती तात्पुरती रिकामी करावी लागते. आणि जो खुर्ची सोडायला तयार आहे पण शेअर सोडायला तयार नाही, त्याने आपले प्राधान्य स्वतःच सांगितलेले असते. अर्थात वेगळे होणे ही कर्तृत्वाची हमी नव्हे. हर्बर्ट हूवर हे खाणकामाचे अभियंते आणि जगभर व्यवसाय केलेले धनिक गृहस्थ. १९१४ मध्ये युद्धग्रस्त बेल्जियमच्या मदतकार्यासाठी त्यांनी धंदा मागे टाकला आणि पुन्हा तिकडे वळले नाहीत. सचोटीवर बोट ठेवायला जागा नव्हती. तरी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून महामंदीपुढे ते हतबल ठरले, आणि हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी विनवूनही १९३० मध्ये आयातशुल्क वाढवणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. लेखापरीक्षण झालेली कंपनीही बुडते. पण हूवर यांच्या अपयशावर चार वर्षांनी मतपेटीतून तोडगा निघाला. त्यांच्या खाजगी नफ्याची चौकशी करत न्यायालये दशकभर अडकून पडली नाहीत. चुकीचे धोरण मतदार बदलू शकतो, धोरणात मिसळलेला मालक वेगळा काढणे मात्र फार महाग पडते.

शेवटचा आक्षेप नियमांबद्दलच आहे. सरकारी काम रखडते ते याच तपासण्यांमुळे, आणखी कशाला? हे ऐकले की मी मोजमाप पुस्तिकेचा दाखला देतो. नगरपालिकेच्या रस्त्याचे काम मंजूर करणारा एक, जागेवर जाऊन लांबी-रुंदी-जाडी पुस्तिकेत लिहिणारा दुसरा, ते तपासणारा तिसरा आणि धनादेश काढणारा चौथा. उद्योजकाला ही चार माणसांची उधळपट्टी वाटते, कारण त्याच्या कारखान्यात तो एकटा हे ठरवतो. तो तसे करू शकतो, कारण तिथे पैसा त्याचा असतो. ज्या दिवशी त्याने लोकांकडून भांडवल गोळा केले, त्या दिवशी त्याच्याही कंपनीत लेखापरीक्षण समिती आली आणि स्वतंत्र संचालक आले. पैसा दुसऱ्याचा झाला की हात वेगळे करावे लागतात, हे तत्त्व केवळ सरकारने उद्योगावर लादलेले नाही. उद्योग मोठा होताना स्वतः ठेचा खाऊन ते शिकला. रखडणे हा दोष आहे आणि तो मुदती घालून, जबाबदारी ठरवून दूर करता येतो. चार हातांचा एक हात करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

म्हणून कंपनीसारखा देश चालवण्याचे आश्वासन कोणी दिले तर त्याला आनंदाने हो म्हणावे आणि लगेच कंपनीचे कागद मागावेत. तुमचे आणि मुलगा, सून, जावई, भाऊ यांचे कोणत्या धंद्यात हितसंबंध आहेत? त्यांतले कोणते सरकारी परवान्यावर, दरावर किंवा कर्जावर चालतात? ते विषय मंत्रिमंडळात आले की तुम्ही उठून बाहेर जाल का, आणि गेलात याची लेखी नोंद लोकांना पाहता येईल का? जे कायदेमंडळ पंचवीस भागधारकांच्या कंपनीकडूनही संचालकांचे हितसंबंध दरवर्षी लिहून मागते, त्याने मंत्र्यांकडूनही ते कायद्याने मागावेत. तोवर ही मागणी प्रत्येक निवडणुकीत मतदारांनी करायची आहे.